क्लोरिनचे उपपदार्थ आणि कृष्णाकाठचे पिण्याचे पाणी



कृष्णेला पहिला गढूळ लोंढा आला की सांगली, मिरज आणि नदीकाठच्या गावांतून एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येतो. कोणी ते पाणी चहाला वापरीत नाही, कोणी लांबच्या हातपंपावरून घागर भरून आणतो, आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत एखादा सदस्य उठून विचारतो की, एवढी पावडर टाकण्याची गरजच काय? अलीकडे या तक्रारीला एक नवी पुस्ती जोडली जाऊ लागली आहे. क्लोरिनच्या पाण्याने कर्करोग होतो, असे कोठेतरी वाचलेले वाक्य सभेत सांगितले जाते. ऐकणारांच्या मनात भय उत्पन्न होते, आणि पाणीपुरवठा कर्मचारी दुसऱ्या दिवशी पावडरचे माप निम्म्यावर आणतो.

हे वाक्य निखालस खोटे असते तर त्याचा समाचार घेणे सोपे होते. तसे ते नाही. त्यात सत्याचा एक अंश आहे. तो अंश किती, तो कोठून आला आणि गावच्या कारभाराशी त्याचा काय संबंध, हे नीट समजून घेतल्यावाचून टी.सी.एल.च्या पिंपाला हात लावणे धोक्याचे होय.

पिण्याच्या पाण्यास नियमितपणे क्लोरिन देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ होऊ लागली. बेल्जियममधील मिडलकर्क येथे १९०२ साली आणि अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ साली ती सुरू झाली. पुढे ती जगभर पसरली, आणि जेथे जेथे ती नेटाने चालविली गेली तेथे तेथे पटकी व विषमज्वर मागे हटले. एके काळी पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकीची साथ गावोगाव जात असे. त्या साथींच्या आठवणी आज घराघरांतून पुसल्या गेल्या आहेत, याचे पुष्कळसे श्रेय या पांढऱ्या भुकटीला द्यावे लागेल.

असे सुमारे सत्तर वर्षे चालले. १९७४ साली हॉलंडमधील रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी एक निराळीच गोष्ट उजेडात आणली. नदीच्या कच्च्या पाण्यात नसलेली क्लोरोफॉर्म व त्याच्या जातीची इतर द्रव्ये क्लोरिन दिल्यानंतरच्या पाण्यात आढळत होती. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास गुंगी आणण्यासाठी एके काळी वापरले जाणारे तेच हे क्लोरोफॉर्म. ते बाहेरून कोणी मिसळलेले नव्हते, पाण्यातच तयार झाले होते. त्याच वर्षी अमेरिकन संशोधकांच्या एका गटानेही स्वतंत्रपणे हेच दाखवून दिले.

ही द्रव्ये तयार कशी होतात? नदीच्या वा तलावाच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचा, मातीतील सेंद्रिय अंशाचा, शेवाळाचा आणि सांडपाण्याचा अर्क नेहमीच विरघळलेला असतो. फिकट चहासारखा पिवळसर रंग पाण्याला दिसतो तो बहुधा याच अर्काचा. क्लोरिन पाण्यात पडताच ते केवळ जंतूंना शोधीत बसत नाही. ज्या ज्या द्रव्याशी संयोग होऊ शकेल त्या त्या द्रव्याशी ते संयोग पावते. या संयोगातून जी नवी द्रव्ये निर्माण होतात त्यांना निर्जंतुकीकरणाचे उपपदार्थ म्हणतात. त्यांतील दोन कुटुंबे प्रमुख आहेत: एक ट्रायहॅलोमिथेन, ज्यात क्लोरोफॉर्म येते, आणि दुसरे हॅलोअॅसेटिक आम्लांचे. याखेरीज लहानमोठे शेकडो उपपदार्थ आजवर ओळखले गेले आहेत.

यांचे प्रमाण कशाने वाढते हे प्रयोगांनी निश्चित झालेले आहे. पाण्यातील सेंद्रिय अंश जितका अधिक तितके उपपदार्थ अधिक. क्लोरिनची मात्रा अधिक, पाणी उष्ण, आणि क्लोरिन व पाणी यांचा सहवास दीर्घ, तर तेही अधिक. म्हणजे उन्हाळ्यात उघड्या तलावातून उचललेले, नीट न गाळलेले, भरपूर पावडर दिलेले आणि लांबच्या वाडीपर्यंत नळातून रेंगाळत गेलेले पाणी हे उपपदार्थांच्या दृष्टीने सर्वांत अनुकूल. खोल विहिरीच्या स्वच्छ पाण्यात तेच प्रमाण बहुधा नगण्य असते.

आता आरोग्याचा प्रश्न. प्राण्यांना क्लोरोफॉर्म मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिले असता यकृत व मूत्रपिंड यांवर परिणाम होऊन गाठी निर्माण झाल्या. माणसांविषयीचा पुरावा अप्रत्यक्ष आहे. क्लोरिन दिलेले, उपपदार्थ अधिक असलेले पाणी अनेक दशके पिणाऱ्या लोकांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले. तथापि कारण हेच, असे त्यावरून सिद्ध झालेले नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९१ साली क्लोरिनयुक्त पिण्याच्या पाण्याविषयी पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला, आणि क्लोरोफॉर्मला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले. गर्भावस्थेतील परिणामांविषयीच्या पाहण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. संशय आहे, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही, आणि तो फार मोठाही नाही.

संशय दुर्लक्षिण्याजोगा नसल्यामुळेच मर्यादा घालण्यात आल्या. अमेरिकेने १९७९ साली चार ट्रायहॅलोमिथेनांची एकत्रित मर्यादा दर लिटरला १०० मायक्रोग्रॅम ठरविली आणि १९९८ साली ती ८० वर आणली. भारतीय मानक आय.एस. १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत क्लोरोफॉर्मसाठी दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम, ब्रोमोफॉर्मसाठी ०.१ मिलिग्रॅम आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनसाठी ०.०६ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. त्याच मानकात असेही नमूद आहे की, पाण्यात मुक्त शिल्लक क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम असले पाहिजे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे किमान ०.५ मिलिग्रॅम. एकाच कागदावरील या दोन अटी एकत्र वाचावयाच्या असतात. सभेत मात्र बहुधा पहिलीच वाचली जाते.

कर्करोगाचा हा संशय चाळीस-पन्नास वर्षांच्या सेवनाशी निगडित आहे. पटकीच्या रोग्याला उपचार न मिळाल्यास तो काही तासांत दगावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे की, उपपदार्थांचा धोका अपुऱ्या निर्जंतुकीकरणाच्या धोक्याच्या तुलनेत अत्यंत अल्प आहे, आणि उपपदार्थ कमी करण्याच्या खटाटोपात निर्जंतुकीकरणाशी तडजोड होता कामा नये. १९९१ साली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात पटकीची साथ आली. त्या एका वर्षात ३ लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे २,९०० मृत्यू झाले. उपपदार्थांच्या भयाने तेथे क्लोरिन बंद केले होते, असे त्या वेळी लिहिले गेले. पुढे इतर अभ्यासकांनी हे कारण मान्य केले नाही. मोडकळीस आलेल्या पाणीयोजना हेच खरे कारण, असे त्यांचे म्हणणे. कारणाविषयी वाद राहिला, परंतु अनेक शहरांच्या नळांत क्लोरिन नव्हते याविषयी वाद नाही.

इतक्या लांब जाण्याचीही आवश्यकता नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि तीत अनेकांचे प्राण गेले. २०१४ च्या अखेरीस मिरज शहरात गॅस्ट्रोने बळी घेतले. अशा पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदर स्त्रियांना विशेष घातक असते, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील कोणीही परिचारिका सांगेल.

म्हणून माप निम्म्यावर आणणारा कर्मचारी चुकतो. पण जो दुसरा कर्मचारी पाणी गढूळ दिसताच दुप्पट पावडर ओतून निश्चिंत होतो, तोही तितकाच चुकतो. या दुसऱ्या चुकीविषयी फारसे बोलले जात नाही, आणि उपपदार्थांचा खरा प्रश्न तेथेच आहे.

या चुकीचे फार मोठे उदाहरण दिल्लीने पाहिले आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझीराबाद येथील जलकेंद्राच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. केंद्रातील अधिकारी गाफील नव्हते. त्यांनी तुरटी व क्लोरिन यांच्या मात्रा वाढविल्या. परिणामी विषमज्वर वा हगवण यांची साथ आली नाही. परंतु डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू निसटला. ती कावीळ 'ई' प्रकारची होती हे पुढे अनेक वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीवरून समजले. उगमस्थानी शिरलेल्या घाणीची भरपाई औषधाच्या मात्रेने होत नाही, हा त्या साथीचा धडा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

सांगलीकरांना नजफगढ नाल्याचे वर्णन ऐकताच शेरीनाला आठवल्यावाचून राहणार नाही. शहराचे सांडपाणी वाहून आणणारा हा नाला कृष्णेला मिळतो. त्यावर कित्येक दशके चर्चा झाली, आंदोलने झाली, ते पाणी धुळगावकडे नेऊन शुद्ध करून शेतीस देण्याची योजना आखली गेली. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की नाल्याचे पाणी ठळकपणे नजरेस येते. काठावरच्या इतर गावांचेही लहानमोठे शेरीनाले आहेतच. त्यांना नाव नाही एवढेच. शिवाय साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी कृष्णेत आल्याच्या तक्रारी या भागाला नव्या नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ नदीत मोठ्या प्रमाणावर मासे मेले. मासे मेल्याची बातमी होते. नदीच्या पाण्यात वाढलेला सेंद्रिय अंश पुढे जॅकवेलमधून जलशुद्धीकरण केंद्रात येतो, तेथे क्लोरिन अधिक खातो आणि उपपदार्थांचा कच्चा माल होतो, ही गोष्ट बातमीत येत नाही.

सांडपाण्याचा आणखी एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यात अमोनिया असतो. क्लोरिन प्रथम त्याच्याशी संयोग पावते. असे बांधले गेलेले क्लोरिन जंतूंवर फार मंद काम करते, आणि त्यांतील काही प्रकारांचा वास मात्र नाकाला झोंबतो. तेव्हा नळाच्या पाण्याला उग्र वास आला म्हणजे पावडर जास्त झाली, असा अर्थ करणे बहुधा चुकीचे असते. पुष्कळदा घाण जास्त झालेली असते. तक्रार करणारी गृहिणी खरे तेच सांगत असते. तिच्या तक्रारीचा अर्थ लावणारा चुकतो.

मग उपाय कोणता? तो नवा नाही आणि परदेशी यंत्रांवर अवलंबूनही नाही. पाण्याला क्लोरिन देण्यापूर्वी ते जितके स्वच्छ करता येईल तितके करावयाचे. पाणी प्रथम निवळू द्यावे, योग्य मात्रेत तुरटी देऊन गाळ बसवावा, वाळूच्या गाळणीतून काढावे आणि मग शेवटी क्लोरिन द्यावे. तुरटीने केवळ माती खाली बसत नाही, विरघळलेल्या सेंद्रिय अंशाचाही बराच भाग तिच्याबरोबर जातो. पाणी उचलताच पहिल्या टप्प्यावर क्लोरिन देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. शेवाळ धरू नये हा तिचा हेतू. परंतु त्या टप्प्यावर पाण्यात सर्व घाण शाबूत असते, म्हणून उपपदार्थही तेथेच सर्वाधिक होतात. हे पहिले क्लोरिन कमी करून मुख्य मात्रा गाळणीनंतर दिली, तर जंतुनाशही उत्तम होतो आणि उपपदार्थही घटतात. १९७४ नंतर अनेक शहरांनी पहिला बदल केला तो हाच, आणि त्याला फारसा खर्च आला नाही. मंद वाळूची गाळणी असलेल्या योजनेत तर गाळणीपूर्वी क्लोरिन देणे हे सरळ नुकसान होय, कारण वाळूच्या पृष्ठावरील ज्या सजीव थरामुळे पाणी शुद्ध होते तोच त्याने मरतो.

ज्या गावांत शुद्धीकरण केंद्रच नाही, विहिरीचे पाणी सरळ टाकीत चढते, तेथे हिशेब साधा आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. यातून दर लिटरला पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरिन मिळते. पावडरची चुन्याची निवळी वर काढून तीच बादलीने पाण्यात सोडावी, खाली बसलेला चोथा टाकू नये, आणि किमान एक तास पाणी उपसू नये. हे माप स्वच्छ पाण्याचे आणि ताज्या पावडरचे. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरिन असते. तोंड उघडे राहिलेल्या, ओल लागलेल्या वा उन्हात पडलेल्या पिंपातील पावडरमध्ये ते झपाट्याने घटते. मग कर्मचारी अंदाजाने मूठभर जादा टाकतो. कधी पाण्यात काहीच शिल्लक राहत नाही, कधी पाणी तोंडात धरवत नाही. सावलीत, कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून पिंप ठेवणे ही उपपदार्थांविरुद्धचीही दक्षता आहे.

महापुरानंतर या हिशेबाची कसोटी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा गावे पाण्याखाली गेली. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीत नुसतीच पावडर ओतीत राहणे म्हणजे चिखलाला औषध पाजणे होय. पूर ओसरल्यावर विहीर उपसावी, गाळ काढावा, नंतर मोठी मात्रा देऊन पाणी रात्रभर ठेवावे, ते पाणी उपसून टाकून द्यावे, आणि मगच नेहमीच्या मापाने सुरुवात करावी. मोठ्या मात्रेचे ते पाणी पिण्यासाठी नसते, हे दवंडीने सांगावे लागते.

पूर्वेकडील जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांची स्थिती निराळी आहे. म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांमधून कृष्णेचे पाणी कालव्यांनी तेथील तलावांत पोचते. दुष्काळी भागास हे पाणी मिळाले ही आनंदाची गोष्ट. परंतु उन्हात उघडे पडलेले, शेवाळ धरलेले तलावाचे पाणी आणि पूर्वीचे खोल विहिरीचे पाणी यांना एकच माप लावून चालणार नाही. कृष्णेचे पाणी २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरपर्यंतही गेले होते, आणि तेथे ते पुन्हा शुद्ध करूनच नळांत सोडले गेले. टँकरने आलेल्या पाण्यालाही हाच न्याय लागू आहे. सकाळी भरताना दिलेले क्लोरिन दुपारी शेवटच्या वस्तीवर शिल्लक असेलच असे नाही.

घरच्या घरी चिंता करणारांसाठी एवढेच सांगता येईल की, पाणी उकळल्याने जंतू मरतात, तसेच क्लोरोफॉर्मसारखे उडून जाणारे उपपदार्थही बरेचसे निघून जातात. त्याबरोबर क्लोरिनही जाते, म्हणून उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे.

उपपदार्थांची प्रत्यक्ष मोजणी गावात होऊ शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील महागडे उपकरण लागते, आणि तालुक्याला पुरविलेल्या तपासणी संचात ती सोय नाही. गावाजवळ असते ती ओ.टी.ची बाटली. तिच्याविषयी दोन गोष्टी शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग मुक्त क्लोरिनचा, पंधरा-वीस मिनिटांनी गडद होणारा रंग बांधलेल्या क्लोरिनसह एकूणाचा. पहिला फिका आणि दुसरा गडद असेल तर पाण्यात घाण आहे, मग वास कितीही येवो. दुसरी गोष्ट अशी की, ऑर्थोटोलिडीन हे द्रव्य स्वतःच कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत आहे. शाळेतील मुलांच्या हाती ती बाटली देऊ नये, आणि तपासलेले पाणी पुन्हा हंड्यात ओतू नये. मुलांना प्रयोग दाखवावयाचा असेल तर डी.पी.डी. गोळ्यांचा संच वापरावा.

एक वही मात्र प्रत्येक पंचायतीला ठेवता येईल. पावसाळ्याच्या आधी व नंतर होणाऱ्या पाहणीत गावाला हिरवे, पिवळे वा लाल कार्ड मिळते. ही वही रोजची आहे. त्या दिवशी किती लिटर पाणी चढविले, किती ग्रॅम पावडर लागली, आणि टाकीपासून सर्वांत लांबच्या नळावर ओ.टी.चा रंग काय आला, इतकेच तीन रकाने. पाणी तेवढेच आणि शेवटच्या नळावरचा रंगही तोच, पण पावडर आठवड्यागणिक वाढत चालली, तर प्रथम पावडर ताजी आहे ना ते पाहावे. ती ताजी असेल तर पाण्यातील सेंद्रिय अंश वाढला आहे आणि त्याबरोबर उपपदार्थही वाढले आहेत, असे निदान करण्यास प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. मग टाकी शेवटची कधी धुतली, गाळणीची वाळू कधी बदलली, जॅकवेलच्या वरच्या अंगाला नवे सांडपाणी कोठून मिळाले, हे पाहून यावयाचे, आणि ते होईपर्यंत पावडरचे माप कमी करावयाचे नाही. ही वही पंपघरात खिळ्याला टांगलेली असावी. ग्रामपंचायतीच्या कपाटात नको.